चार छोट्या बागांची वॉश्ड अरेबिका एकाच लॉटमध्ये: पल्परपासून गोणीपर्यंत काय सांभाळावं?

पंचगंगा_रोस्टर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लहान प्रमाणावर कॉफी भाजून विकतो. कर्नाटकात चिकमगळूर जिल्ह्यात मुडिगेरे तालुक्यात लागून लागून चार बागा आहेत. प्रत्येकी दोन ते पाच एकर, उंची हजार-अकराशे मीटर, सिल्व्हर ओकची सावली, त्यावर मिरीचे वेल. झाडं मुख्यतः एस-७९५, मधेमधे चंद्रगिरी. आजवर चौघंही फळ तसंच खळ्यावर वाळवून 'चेरी' म्हणून व्यापाऱ्याला घालतात. यंदा त्यांच्याकडून वॉश्ड (साल काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली) करून घ्यायची आणि चौघांचा मिळून एकच सिंगल ओरिजिन, म्हणजे एकाच ठिकाणचा, लॉट काढायचा असं चाललंय. निवडलेला कच्चा दाणा मला ३०० किलोच्या आसपास लागेल.

मागच्या हंगामात त्यातल्या एका बागेत हातपल्परवर (फळाची साल काढायचं हातयंत्र) नमुन्यापुरता माल केला होता. पहिल्या तोडणीचा कप स्वच्छ होता, आंबटपणा लिंबासारखा, मागे गुळाची गोडी. पुढच्या तोडणीच्या मालाला गोणपाटाचा वास आणि जीभ आखडेल असा तुरटपणा. झाडं तीच, पल्पर तोच.

तर फळ किती घ्यावं लागेल? प्रत्येकाने आपापल्या घरी पल्प करावं की एका जागी आणावं? किती तास आंबवायचं? वाळवणीला जागा किती? आणि पैशाचा हिशेब चौघांना पटेल असा कसा ठेवायचा? 'चोवीस तास आंबवा आणि धुवा' एवढं सगळीकडे वाचलंय, त्याच्या पुढचं सांगा.

मलनाडकर

आधी हिशेब. १०० किलो पिकलेल्या फळातून वाळलेलं पार्चमेंट (आतल्या कडक पापुद्र्यासकट दाणा) २०-२१ किलो मिळतं आणि ते सोलल्यावर स्वच्छ दाणा १६-१७ किलो. तुम्हाला ए ग्रेड (मोठ्या मापाचा दाणा) आणि त्याच्या वरचा माल पाहिजे असणार. स्वच्छ दाण्यात तो किती निघेल हे जात आणि त्या वर्षीचा पाऊस यावर हलतं, पण साठ टक्के धरून चाला. म्हणजे ३०० किलोसाठी ५०० किलो स्वच्छ दाणा आणि त्यासाठी तीन टन फळ. चार बागांतून ते जड नाही, फक्त एका दिवसात येणार नाही. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर-डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत तीन-चार फेऱ्यांत होते. पहिली 'फ्लाय पिकिंग', म्हणजे लवकर पिकलेली तेवढी फळं वेचायची, मग मुख्य तोडणी, शेवटी झाड ओरपून घेतात ती 'स्ट्रिपिंग'. तुमच्या लॉटसाठी मुख्य तोडणीचंच फळ घ्या. स्ट्रिपिंगचा माल चेरीत जाऊ दे, त्यात हिरवं आणि झाडावरच वाळलेलं सगळं एकत्र असतं. मागच्या वर्षीची तुमची ती 'पुढची तोडणी' बहुतेक हीच असावी.

पल्पिंग एकाच जागी करा. याबाबत मी आग्रही आहे. चार घरी चार पल्पर म्हणजे चार सेटिंग, चार प्रकारचं पाणी, चार जणांची आंबवण्याची चार मतं. चौघांचं पार्चमेंट नंतर एका गोणीत ओतलं की कुठली चूक कोणाची हे देवालाही सांगता येणार नाही. उलट फळ एका जागी आणलं तर आवक होतानाच ते पाहून, निवडून, तोलून घेता येतं.

फळ दुपारी चारपर्यंत यावं आणि त्याच संध्याकाळी पल्पमधून निघावं. गोणीत रात्रभर राहिलेलं फळ आतून तापतं, साल काळपटते आणि पल्पर लागायच्या आधीच आंबायला लागतं. हा आंबूस वास पुढे किती धुतलं तरी जात नाही.

तोलण्याआधी ढिगातून डोळे झाकून शंभर फळं उचला आणि मोजा. हिरवट-पिवळी पाचपेक्षा जास्त निघाली तर ते पोतं ताडपत्रीवर ओतून निवडून घ्यायचं, त्याशिवाय काट्यावर चढवायचं नाही. चिमटीत दाबल्यावर दाणा सहज बाहेर उडाला की फळ पिकलेलं. दाबूनही निघत नसेल तर ते कच्चं. पल्पर त्याला चिरडतो किंवा सालासकट पुढे ढकलतो. तुमचा तुरटपणा इथला आहे. कच्च्या फळाच्या दाण्याला चंदेरी साल घट्ट चिकटलेली असते आणि भाजल्यावर तो फिकट राहतो. भाजलेल्या मालात शेंगदाण्याच्या रंगाचे दाणे दिसले असतील तर तेच ते.

मग फळ पाण्यात सोडा. वर तरंगेल ते झाऱ्याने काढून वेगळं वाळवा. बोरर किडीने पोखरलेलं, आत एकच दाणा भरलेलं, झाडावर सुकलेलं, हे सगळं वर येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण छोट्या बागांत हेच सर्रास टाळलं जातं.

पल्परची फट ही तुमच्या बाबतीत डोकेदुखी ठरेल, कारण चंद्रगिरीचा दाणा एस-७९५पेक्षा ठळक असतो. फट कमी ठेवली तर मोठा दाणा कापला जातो, जास्त ठेवली तर लहान फळ न सोलताच पार होतं. जाती वेगळ्या तोडता आल्या तर उत्तम. झाडं मिसळलेली असतील तर फट मोठ्या दाण्याला बेतायची आणि न सोललेलं फळ चाळणीवर काढून चेरीत टाकायचं. कापलेला दाणा आंबताना कापलेल्या कडेने काळा पडतो आणि आंबट होतो, त्यापेक्षा चार किलो चेरी जास्त झालेली परवडली. रोज सुरुवातीला दोन किलो फळ घालून बघा. पत्र्याखाली मूठभर पार्चमेंट घेऊन नखाने सोलून पाहिलं की ओरखडा कळतो. आणि रात्री पल्पर धुतल्याशिवाय झोपायचं नाही. ड्रमच्या खाचेत अडकलेला कालचा एक दाणा आजच्या टाकीत सडतो.

आता आंबवणं, म्हणजे दाण्यावरचा चिकटा सोडवणं. ५०० किलो फळाचा पल्प केलेला दाणा पावणेतीनशे-तीनशे किलो भरतो, त्याला अडीचशे लिटरची खाद्यदर्जाची दोन पिंपं पुरतात, तळाला तोटी असलेली. पाणी निथळून कोरडंच आंबवा, वर गोणपाट न टाकता स्वच्छ सुती कापड किंवा झाकण. मध्ये एकदा-दोनदा लाकडी फावड्याने खालीवर करा. नाहीतर मधला भाग होऊन जातो आणि कडेचा चिकटच राहतो. तास विचारलेत, पण घड्याळ इथे दुय्यम आहे. डिसेंबरात रात्री १४-१५ अंशांवर जाणाऱ्या जागी ३०-३६ तासही लागतात, उबदार दिवसांत १८ तासांत होतं. मूठभर दाणे पाण्यात चोळा. बुळबुळ संपून वाळूचे खडे चोळल्यासारखा खरखरीत आवाज आला की झालं. दुसरी खूण म्हणजे ढिगात काठी खुपसून काढल्यावर भोक तसंच उभं राहतं. शंका आली तर दर तासाला बघा. उशिरा धुण्यापेक्षा जरा आधी धुतलेलं बरं, उरलेला चिकटा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात चोळून निघतो. जास्त आंबलेल्या दाण्याला उपाय नाही.

धुताना तीन पाणी. शेवटचं पाणी जसं आलं तसं नितळ जायला हवं. याही वेळी वर तरंगणारं पार्चमेंट वेगळं काढा.

कपबशी

मलनाडकरांनी सांगितलेलं सगळं खरं, पण आंबवण्यावर लोक जेवढं बोलतात त्याच्या निम्मं वाळवणीवर बोलले तरी छोट्या बागांची निम्मी कॉफी वाचेल. धुतलेलं पार्चमेंट ५५ टक्के ओलावा घेऊन खळ्यावर येतं आणि ते ११ वर न्यायचं असतं. गोणपाटाचा वास, बुरशीची चव, लाकडासारखा बेचव कप, सहा महिन्यांत पांढरा पडणारा दाणा, हे सगळं या टप्प्यात जन्माला येतं.

शेणाने सारवलेलं खळं या कामाला चालणार नाही. सिमेंटचं चालतं, पण चार जणांनी मिळून जाळीच्या खाटा उभारलेल्या उत्तम. जमिनीपासून कमरेएवढ्या उंच, मीटरभर रुंद, खाली बांबू किंवा लोखंडी चौकट, वर नायलॉनची बारीक जाळी. पहिल्या दिवशी थर दोन-अडीच सेंटिमीटर, चौरस मीटरला ओलं पार्चमेंट पंधरा किलोच्या आत. ५०० किलो फळाचं ओलं पार्चमेंट २१० किलोच्या आसपास, म्हणजे एका दिवसाच्या मालाला पंधरा चौरस मीटर. सलग तीन दिवस फळ येणार असेल तर ४५ चौरस मीटर तयार ठेवा, कारण पहिला माल तोवर उठलेला नसतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून थर चार-पाच सेंटिमीटर करता येतो, तेव्हा जागा मोकळी होते.

पहिला दिवस फक्त वरचं पाणी उडवायचा. दर अर्ध्या तासाला हात फिरवा आणि ओल्यातच चिरलेले, रंग गेलेले, अर्धवट सोललेले दाणे वेचून टाका. वाळल्यावर पार्चमेंटच्या आतलं काही दिसत नाही, ओल्यात दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भर दुपारी बारा ते तीन सावलीची जाळी घाला किंवा थर जाड ओढून घ्या. या वेळी कडक ऊन लागलं तर पार्चमेंट तडकतं. तडकलेल्या दाण्याचा आतला ओलावा वेगाने जातो, बाकीचे मागे राहतात, आणि एकाच खाटेवर दोन वेगळ्या ओलाव्यांचा माल तयार होतो. भाजताना तुमच्या ड्रममध्ये त्याचा हिशेब द्यावा लागतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास माल ओढून ढीग करा आणि ताडपत्री टाका. ताडपत्री मालाला चिकटू द्यायची नाही, मध्ये कापड किंवा बांबूचा आधार हवा, नाहीतर पहाटे ताडपत्रीच्या आतून ठिबकणारं पाणी थेट दाण्यावर. मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या या घाटभागात, डिसेंबर-जानेवारीतही अवकाळी पाऊस येतो. एकदा १५ टक्क्यांवर आलेला माल परत भिजला तर त्याला चांगल्या लॉटमध्ये घ्यायचं नाही, मग तो कितीही सुंदर दिसो. खाटांवर पॉलिथिनचं कमानी छप्पर घातलं तर ही भीती जाते, पण दोन्ही टोकं उघडी ठेवा. बंद कमानीत दुपारी भट्टी होते. दाण्याचं तापमान ४० अंशांपुढे जाऊ द्यायचं नाही.

एकूण आठ ते बारा दिवस. पाच दिवसांत वाळवल्याचा अभिमान कोणी सांगत असेल तर तो माल घेऊ नका.

मॉइश्चर मीटर नसेल तर एक सोपी युक्ती. पहिल्या दिवशी, वरचं पाणी निथळल्यावर, दोन किलो पार्चमेंट जाळीच्या पिशवीत भरून त्याच खाटेवर ठेवा, रोज संध्याकाळी तोला. वजन अर्ध्यावर, म्हणजे किलोभर झालं की शेवट जवळ आला. तिथून पुढे मीटरशिवाय जाऊ नका, चौघांत एक मीटर घ्या. मीटर कच्च्या दाण्याच्या सेटिंगवर असेल तर पार्चमेंट सोलूनच दाणा घालायचा, आणि दाणा सावलीत थंड झाल्यावर. उन्हातून उचललेला गरम दाणा चुकीचा आकडा दाखवतो. साडेदहा ते अकरावर थांबा. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेची मर्यादा ८ ते १२.५ टक्के आहे, पण पश्चिम घाटाच्या हवेत बारावर गोणी शिवणं म्हणजे बुरशीला निमंत्रण.

नैरोबीकर

विषय लहान शेतकऱ्यांचा आहे म्हणून केनियाची पद्धत सांगतो, तुमच्या चौघांना उपयोगी पडेल. न्येरी, किरिन्यागा, मुरांगा या भागांत शेतकऱ्याकडे अनेकदा काही शे झाडंच असतात. तो स्वतः पल्प करत नाही. सोसायटीचं ओलं प्रक्रिया केंद्र असतं, त्याला इथे 'फॅक्टरी' म्हणतात, तिथे फळ घालतो. तुम्ही पिशवीवर जे नाव वाचता ते बहुधा त्या फॅक्टरीचं असतं, आणि त्या एका नावामागे शेकडो शेतकरी असतात. त्यामुळे चार बागांचा माल एका नावाखाली आणताना सिंगल ओरिजिन म्हणवून घ्यायला काही संकोच नको. अट एकच, फळ एका ठिकाणी एका हाताखालून गेलेलं असावं.

फॅक्टरीत शेतकरी आपलं फळ आधी अंगणात ओततो आणि कच्चं, जास्त पिकलेलं, किडकं स्वतः वेचून काढतो. तोलणं त्यानंतर. बाजूला काढलेलं फळ तसंच वाळवतात, त्याला 'म्बुनी' म्हणतात, त्याचा भाव बराच कमी. निवडण्याचं काम शेतकऱ्याच्याच हातात आणि त्याचा तोटाही त्यालाच दिसतो, त्यामुळे तोडणीच्या वेळीच हात सुधारतो. मुडिगेरेला हीच रीत लावा.

डिस्क पल्परमधून निघालेलं पार्चमेंट पाण्याबरोबर वाहताना जड आणि हलकं असं वेगळं होतं. पहिल्या प्रतीचं पी-१, मग पी-२, हलकं पी-३. तिन्ही शेवटपर्यंत वेगळी. रात्रभर किंवा त्याहून थोडं जास्त कोरडं आंबवून धुतात आणि मग स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवतात, बारा ते चोवीस तास. तुमच्याकडे पाण्याची सोय असेल तर हे बुडवणं करून बघा. व्यवहारात त्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ मिळतो. खाटा भरलेल्या असल्या, आभाळ आलं, तर माल एक दिवस पाण्याखाली सुरक्षित राहतो, पाणी बदलत राहिलं तर. चिकटा पूर्ण निघालेला नसताना मात्र बुडवू नका, पाणी आंबूस होतं.

एक सावधगिरी. केनियाचा कप जो गाजतो त्यात एसएल-२८, एसएल-३४ या जातींचा आणि तिथल्या मातीचा वाटा मोठा आहे. पद्धत जशीच्या तशी उचलली म्हणून एस-७९५मधून ब्लॅककरंट या आंबटगोड काळ्या बेरीची चव येणार नाही. स्वच्छपणा येईल.

पंचगंगा_रोस्टर

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन उपप्रश्न. एकाने अ‍ॅक्वापल्पर सुचवलाय, म्हणजे आंबवण्याची कटकटच नाही. घ्यावा का? दुसरं, धुतलेलं पाणी सध्या तरी ओढ्याकडे जाईल असं दिसतंय, काय करावं? तिसरं, मागच्या वर्षीच्या बिघडलेल्या मालाचे पाच कप चाखायला लावले होते. गोणपाटाचा वास पाचही कपांत, थोडाथोडा. एका कपात मात्र वेगळीच, कुजल्यासारखी घाण. हे एकच कारण की दोन?

मलनाडकर

ओढ्यात अजिबात सोडू नका. पल्पिंगचं पाणी आम्लधर्मी असतं, त्यातली साखर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते, खालचे मासे मरतात, आणि प्रदूषण मंडळाचा नियम तर आहेच. पाणी फिरवून वापरलं नाही तर किलोभर फळामागे दहा लिटर सहज जातं, म्हणजे रोज ५०० किलो फळाला पाच हजार लिटर. पल्परचं पाणी जाळीतून गाळून त्याच दिवशी पुन्हा पल्परलाच वापरा, धुण्याचं दुसरं-तिसरं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पल्परला. ताजं पाणी फक्त शेवटच्या धुण्याला. हे केलं की खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. उरलेलं दोन खड्ड्यांत घ्या, पहिल्यात गाळ बसू द्या, दुसऱ्यात चुना टाकून सामू सातच्या जवळ आणा, मग सिल्व्हर ओकच्या बाजूला जिरवा. विहिरीपासून लांब. साल खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन कुजवली तर बागेलाच परत जाते, पण ढीग पल्परच्या शेजारी ठेवू नका, माश्या येतात.

अ‍ॅक्वापल्पर चिकटा घासून काढतो, आणि त्याच रात्री माल खाटेवर जातो. रोज दोन-तीन टन फळ येणाऱ्या मोठ्या इस्टेटीला तो घ्यायलाच हवा. तुमच्या तीन टनांच्या अख्ख्या हंगामासाठी यंत्राचा खर्च निघणार नाही, आणि घासणी जास्त झाली तर पार्चमेंट खरवडलं जातं. हातपल्पर आणि दोन पिंपं पुरे. तासाला दीडशे-दोनशे किलो होतात, दोन माणसं आलटून पालटून. यीस्टची पाकिटं, अननसाचा रस घालून आंबवणं वगैरे सध्या जोरात आहे. साधं नीट जमल्याशिवाय त्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कपबशी

दोन कारणं. पाच कप लावायचे ते यासाठीच. दोष सगळ्या कपांत सारखा असेल तर तो अख्ख्या लॉटला लागलेला असतो, म्हणजे वाळवण किंवा साठवण. एकाच कपात असेल तर त्या कपाच्या आठ ग्रॅममध्ये एखादाच खराब दाणा पडलेला असतो. तुमची कुजकी घाण म्हणजे 'स्टिंकर'. पल्परमध्ये अडकून राहिलेला, कापला गेलेला किंवा टाकीच्या कोपऱ्यात मागच्या खेपेचा उरलेला दाणा. बाहेरून तो अनेकदा ठीकच दिसतो. चिमटीने कापल्यावर नाकाला कळतो.

पुढच्या वेळी असं करा. ३५० ग्रॅम कच्चा दाणा पांढऱ्या कागदावर पसरा. पूर्ण काळा, पूर्ण आंबट (पिवळट-तपकिरी), बुरशी लागलेला, एकही निघता कामा नये. स्पेशालिटी (उच्च प्रतीच्या) कॉफीच्या मोजणीत मोठ्या दोषांना माफी नाही, किरकोळ दोष पाचपर्यंत. मग मध्यम-हलकी भाजणी आठ ते बारा मिनिटांत, आठ तास तरी थांबायचं, आणि ८.२५ ग्रॅमला १५० मिली पाणी, ९३ अंशांचं, चार मिनिटांनी वर जमलेली कॉफीची साय फोडायची. गरम असताना गुण देऊ नका. गोणपाट आणि तुरटपणा कप कोमट झाल्यावर स्पष्ट बोलतात. चारही बागांचे नमुने एकत्र करण्याआधी वेगवेगळे चाखा, तारखेनुसार. जो दिवस बिघडला तो वगळा, बाग नव्हे.

गोणीवाला

पैशाचं आणि नावाचं कोणी बोललं नाही म्हणून.

१९९६पर्यंत हा प्रश्नच नव्हता. सरकारी कॉफी बोर्ड सगळ्यांचा माल एकत्र करून विकायचं, कोणाची कॉफी कुठे गेली याचा पत्ता नसायचा. आता मोकळीक आहे, पण गावच्या व्यापाऱ्याचा हिशेब ५० किलोच्या गोणीवर आणि 'आउटटर्न'वर चालतो, म्हणजे एका गोणीतून स्वच्छ दाणा किती निघाला. पार्चमेंट चांगलं असेल तर ५० किलोतून ४० किलो निघतं. तुम्ही सगळे पैसे फळावरच दिलेत तर वाळवणीतली घट, पल्परची मजुरी आणि पावसाची जोखीम सगळी तुमच्या अंगावर येते. त्यापेक्षा फळाला त्या दिवसाचा बाजारभाव लगेच द्या, निवडून घेतलेल्या फळालाच. वरचा प्रीमियम क्युरिंग वर्क्समधून (पार्चमेंट सोलून दाणा मापाने निवडणारा कारखाना) ग्रेड निघाल्यावर आणि कप चाखल्यावर, ज्याने जेवढे किलो पिकलेलं फळ घातलं त्या प्रमाणात. हा हिशेब वहीत चौघांच्या सहीने असू दे. एक जण हिरवं फळ घालून तेवढाच भाव घेतोय असं बाकीच्यांना वाटलं की गट फुटतो. वाळवणीची मजुरी वेगळी लावा. खाटा ज्याच्या अंगणात आहेत त्याची बायको-आई दिवसभर हात फिरवत असते आणि हिशेबात तिचं नाव नसतं.

प्रत्येक दिवसाच्या मालाला चिठ्ठी: तोडणीची तारीख, कोणकोणाचं फळ किती किलो, धुतल्याची वेळ, खाटेचा नंबर, उचलताना ओलावा. चिठ्ठी पिंपापासून गोणीपर्यंत मालाबरोबर फिरते. सिंगल ओरिजिनचा खरा पुरावा हाच, पिशवीवरचं डोंगराचं चित्र नव्हे.

पिशवीवर गाव, तालुका, उंची, जाती, तोडणीचे महिने आणि 'वॉश्ड' एवढं छापा. 'चिकमगळूर अरेबिका'ला २०१९ला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं जिल्ह्याचं नाव लिहिलं म्हणून शिक्का मारता येत नाही. 'प्लांटेशन ए' वगैरे ग्रेड हे दाण्याच्या मापाचे आहेत, ए म्हणजे ६.६५ मिमीच्या चाळणीवर राहणारा. चवीची हमी त्यात नाही. पीबेरी (फळात एकटाच वाढलेला दाणा) वेगळी निघेल, ती वेगळीच भाजा, गोल दाणा ड्रममध्ये वेगळा तापतो.

आणि सोलायची घाई करू नका. पार्चमेंट सहा आठवडे तरी बसू द्या, ओलावा आतबाहेर सारखा होतो. नव्या किंवा धुतलेल्या गोण्या, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. ज्या खोलीत युरिया, औषधाच्या बाटल्या किंवा मिरी असते तिथे नाही, कॉफी वास ओढते. पण हे बसवणं मेच्या आत संपवा. पावसाळ्याची घाटातली हवा दाण्याला फुगवते आणि पिवळट करते. मॉन्सून्ड मलबार नावाचा कॉफीचा प्रकार मुद्दाम तसाच करतात आणि त्याचा आंबटपणा जातो, तुम्हाला नेमका तोच राखायचाय. एप्रिलमध्ये क्युरिंगला द्या, आतून हवाबंद प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या गोण्यांत भरा आणि पहिल्या पावसाआधी कोल्हापुरात आणा. तुमच्याकडेही जूनपासून आर्द्रता कमी नसते, तेव्हा अस्तराचं तोंड रोज उघडायचं नाही. आठवड्याचा माल एकदम काढून डब्यात ठेवा.

पंचगंगा_रोस्टर

नोंदवून घेतलं. एकच राहिलं. क्युरिंग वर्क्स एवढा छोटा लॉट वेगळा चालवून देतात का? ६०० किलो पार्चमेंट म्हणजे बारा गोण्या.

गोणीवाला

सगळे देत नाहीत. बऱ्याच ठिकाणी किमान लॉट ठरलेला असतो आणि हलरमध्ये (सोलायच्या यंत्रात) आधीच्या मालाचे दोन-चार किलो उरतातच. आधी फोन करून विचारा आणि दोन गोष्टी पक्क्या करा. तुमच्या आधी वॉश्ड अरेबिकाच चाललेली असावी, रोबस्टा चेरी नको. आणि पहिल्या गोणीचा माल वेगळा बाजूला काढून घ्यायचा, तो तुमच्या लॉटमध्ये धरायचा नाही. बारा गोण्यांतली एक घरी प्यायला ठेवा.